‘कोण मोठं?’ च्या पुढचा प्रश्न: पहिली-दुसरीत संख्यांची तुलना शिकवणारे खेळ

पुण्यात मी पहिली-दुसरीचे वर्ग घेते. दर जूनमध्ये आमच्याकडे कोणीतरी नवीन येतं. कधी नुकत्याच डी.एड. झालेल्या बाई असतात, कधी बालवाडीच्या ताई, कधी आठवड्यातून दोन दिवस शिकवायला येणारे कॉलेजचे विद्यार्थी. गणिताच्या तासाला सगळ्यांचं अडतं ते एकाच ठिकाणी. मुलं एक ते शंभर घडाघडा म्हणतात, फळ्यावरचं वहीत सुबक उतरवतात, पण ‘आठ मोठे की सहा?’ असं विचारलं की उत्तर शोधायला बाईंच्या चेहऱ्याकडे बघतात.

कारण एक, दोन, तीन म्हणणं हे मुलांना बडबडगीतासारखं पाठ असतं. आठ म्हणजे किती, आणि त्या आठात सहा मावून वर दोन उरतात, हे त्या म्हणण्यातून कळत नाही. ते हातानं करून, मांडून, एकमेकांशी हुज्जत घालूनच कळतं. म्हणून खेळ हवेत.

पुढच्या सगळ्या खेळांना एक नियम समान आहे, तो आधीच सांगते. मुलानं ‘हे मोठं’ म्हटलं की लगेच विचारायचं, ‘कशावरून?’ तुलनेच्या प्रश्नात दोनातून एक निवडायचं असतं, त्यामुळे नुसत्या अंदाजानं निम्म्या वेळा उत्तर बरोबर येतं. मुलाला समजलंय की त्याचा नेम लागलाय, हे ‘कशावरून’ विचारल्याशिवाय तुम्हाला कळणार नाही. उत्तर बरोबर असलं तरी विचारा, नाहीतर ‘बाईंनी विचारलं म्हणजे चुकलं’ असं समजून मुलं उत्तर फिरवतात.

काय काय लागेल

- चिंचोके किंवा खडे, दर मुलामागे वीस-पंचवीस. चिंच निवडली की घरोघरी चिंचोके टाकून देतात. पालकांना आधी सांगून ठेवलं तर डबा आपोआप भरतो. बालवाडीत मात्र चिंचोके नकोत, ती मुलं नाकात-कानात घालतात. त्यांना बाटल्यांची मोठी झाकणं द्या.
- अंककार्डं, ० ते २०, दर जोडीला दोन संच. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद यासाठी उत्तम. एका बाजूला अंक, मागे तेवढेच ठिपके.
- आइस्क्रीमच्या काड्या आणि रबरबँड, दशकाचे गठ्ठे बांधायला.
- फासे, दर गटाला एक.
- सुतळी, कपडे वाळत घालायचे चिमटे, खडू.
- शाळेत गणितपेटी असेल तर तिच्यातली गणितमाळ. दहा-दहा मण्यांनी रंग बदलणारी शंभर मण्यांची माळ असते ती. कपाटात कुलूपबंद असेल तर मुख्याध्यापकांकडून मागून घ्या, ती वापरण्यासाठीच आहे.

काड्या आणि रबरबँड घाऊक हवे असतील तर रविवार पेठेत बोहरी आळी, कार्डशीट आणि स्केचपेनं अप्पा बळवंत चौकात, फासे तुळशीबागेत. एकदा पिशवी भरली की वर्षभर पुरते.

कार्डं करताना तीन गोष्टी सांभाळा. कोपऱ्यात इंग्रजी 6 आणि 9 लिहाल त्यांच्या खाली जाड रेघ ओढा, नाहीतर कार्ड उलटं धरलं की भांडण ठरलेलं. सगळे अंक एकाच मापाचे काढा. ३ मोठ्या अक्षरात आणि ८ बारीक असेल तर ‘मोठा कोणता?’ ला मूल ३ दाखवतं, आणि तुमच्या प्रश्नाचा त्यानं घेतलेला अर्थ चुकीचा नसतोच. तिसरं, एका कोपऱ्यात इंग्रजी आकडाही लिहा. मराठी माध्यमातलं मूलसुद्धा मोबाइलवर आणि बसवर तोच बघत असतं.

विकतच्या पत्त्यांचा जोड वर्गात आणू नका. ‘शाळेत पत्ते खेळवतात’ अशी तक्रार घेऊन पालक येतात, आणि त्यांची काळजी समजण्यासारखी आहे.

१. आधी मूल कुठे आहे ते बघा

पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाला पाचेक मिनिटं एकट्याला जवळ बसवा. तीन गोष्टी करून घ्या.

पाच चिंचोके मोजायला सांगा आणि मोजून झाल्यावर विचारा, ‘किती आहेत?’ जे मूल पुन्हा ‘एक, दोन, तीन’ सुरू करतं, त्याला शेवटचा उच्चारलेला आकडा म्हणजेच एकूण, हे अजून उमगलेलं नाही. त्याला तुलनेचे खेळ देऊ नका. आधी मोजण्याचे द्या.

मग ढिगातून म्हणा, ‘मला सात दे.’ मोजून दाखवण्यापेक्षा मोजून देणं अवघड असतं. सातला थांबणं लक्षात ठेवावं लागतं.

तिसरी गोष्ट म्हणजे ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाचा प्रसिद्ध प्रयोग. सहा-सहा झाकणांच्या दोन ओळी समोरासमोर मांडा, मग मुलाच्या डोळ्यांदेखत एक ओळ पसरवून लांब करा आणि विचारा, ‘कुठे जास्त आहेत, की सारखी?’ चार-पाच वर्षांची बरीच मुलं लांब ओळीकडे बोट दाखवतात. साधारण सहा-सात वर्षांपर्यंत ‘सारखीच आहेत, तुम्ही नुसती लांब केलीत’ हे उत्तर यायला लागतं. हा प्रश्न ओळ पसरवल्यानंतर एकदाच विचारा. पियाजेनंतरच्या संशोधकांनी दाखवलं की आधी आणि नंतर असं दोनदा विचारलं, तर पहिलं उत्तर चुकलं असावं असं वाटून मुलं ते बदलतात.

नावापुढे तीन खुणा करून ठेवा: एकूण कळतं, मोजून देतं, ओळीला फसत नाही. वर्गाचे गट यावरून करायचे, मागच्या वर्षीच्या गुणांवरून नव्हे.

२. अंक बाजूला ठेवून जोड्या लावा

तुलनेची खरी सुरुवात मोजण्याशिवाय होते. दोन्हीकडचं एकेक समोरासमोर ठेवत जायचं, ज्याच्याकडे उरेल त्याच्याकडे जास्त. पाळण्यातलं मूलसुद्धा मोठी वाटी आणि लहान वाटी ओळखतं; आपण त्याला फक्त खात्री करून घ्यायची रीत देतो.

खेळाचं नाव ‘मूठ उघड’. दोघं समोरासमोर. मधल्या डब्यातून दोघांनी एकेक मूठ भरायची, ‘एक दोन तीन, उघड’ म्हणून जमिनीवर सांडायची. आधी अंदाज: कोणाकडे जास्त? मग जोड्या. शेवटी उरलेल्यांवर बोट ठेवून वाक्य म्हणायचं: ‘माझ्याकडे जास्त, कारण माझे तीन उरले.’ हे वाक्य झालं तरच डाव जिंकला.

इथे काय होतं ते जवळ बसून बघा. एक मुलगी आपले चिंचोके फरशीवर लांबच लांब पसरवते आणि म्हणते, ‘बघ, माझेच जास्त!’ समोरचा मुलगा आपल्या छोट्या ढिगाकडे बघून हिरमुसतो. तुम्ही काही बोलू नका. तो मुलगा एक चिंचोका उचलून तिच्या पहिल्या चिंचोक्याला चिकटवून ठेवतो, मग दुसरा. तिच्या रांगेचं शेवटचं टोक आलं तरी त्याच्या हातात दोन शिल्लक असतात. ती मुलगी क्षणभर थांबते आणि मग स्वतःच पुन्हा सगळं मांडायला घेते. त्या वेळी मध्ये पडून ‘बघा मुलांनो, म्हणजे काय…’ असं समजावायला गेलात तर तिचा शोध तुमचा होऊन जातो.

‘सारखे’ हा निकालही मुद्दाम येऊ द्या. दोघांकडे सारखे आले तर दोघांना एकेक काडी, असा नियम ठेवा. नाहीतर कोणीतरी जिंकलंच पाहिजे असं मुलांच्या मनात बसतं आणि पुढे बरोबरचं चिन्ह अडगळीत पडतं.

भाषेकडेही लक्ष द्या. वस्तूंबद्दल बोलताना ‘कमी-जास्त’, संख्यांबद्दल बोलताना ‘लहान-मोठी’, असा फरक पाळा. पाच मोठे बटाटे आणि आठ लहान लिंबं समोर ठेवून ‘कोणते मोठे?’ विचारलं तर मूल बटाटेच दाखवणार. बांधकामाच्या वस्त्यांमधून येणाऱ्या मुलांच्या घरी कानडी, तेलुगू, हिंदी, लमाणी असं काहीही असू शकतं. ‘तुमच्या घरी जास्तला काय म्हणतात?’ हे विचारून घ्या आणि तो शब्द पहिले काही दिवस खेळात चालू द्या.

३. मग कार्डं

‘कार्डांची लढाई’ हा खेळ सगळ्यांना माहीत असतो: दोघांनी आपापल्या गठ्ठ्यातलं वरचं कार्ड उलटायचं, मोठ्या संख्येवाला दोन्ही घेतो. सुरुवातीला ठिपक्यांची बाजू, नंतर एकाचे ठिपके आणि दुसऱ्याचा अंक, मग दोन्ही अंक. शंका आली की कार्ड पलटून मागचे ठिपके जोडीनं तपासायचे. निकाल कार्ड देतं, बाईंकडे धावत यायची गरज नाही.

कार्डं उचलायची अट इथेही तीच: ‘माझे आठ, तुझे पाच. आठ मोठे, कारण…’ कारण काहीही चालेल: ‘पाचानंतर आठ येतात’, ‘आठात तीन जास्त आहेत’, ‘माझी बोटं बघ’. नुसतं ‘कारण ते मोठे आहेत’ चालणार नाही, एवढं मुलांनाच ठरवू द्या. ती एकमेकांना बरोबर पकडतात.

कार्डं कोणत्या क्रमानं द्यायची यात बरंच काही आहे. १९६७ साली मोयर आणि लँडाउअर या अमेरिकन संशोधकांनी दाखवलं की दोन अंकांमधलं अंतर कमी असलं की कोणता मोठा हे सांगायला मोठ्या माणसांनासुद्धा जास्त वेळ लागतो. २ आणि ९ पटकन सांगता येतात, ७ आणि ८ ला अंमळ थांबावं लागतं. मुलांच्या बाबतीत हा फरक ठळक दिसतो. म्हणून पहिल्या दिवशी गठ्ठ्यात फक्त १, २, ३ आणि ८, ९, १० ठेवा. मधले अंक हळूहळू मिसळा. शेजारशेजारचे सगळ्यात शेवटी. ० चं कार्डही घाला. ‘काहीच नाही’ हे सगळ्यांत लहान, हे मुलांना फार गमतीचं वाटतं.

चांगला जम बसला की एक दिवस नियम फिरवा: आज लहान संख्या जिंकणार. मोठ्या अंकावर झडप घालायची सवय झालेलं मूल इथे अडखळतं आणि विचार करायला लागतं. ‘मोठी कोणती’ इतकंच विचारत राहिलो तर ‘लहान कोणती’ हा प्रश्न परीक्षेत आल्यावर मुलं सवयीनं मोठीला गोल करतात, हे प्रत्येक शिक्षकानं पाहिलेलं असतं.

४. रेषेवर आणा

माझ्या मते या सगळ्यातला सर्वात कसदार भाग हा आहे. वेळ कमी असेल तर बाकीचं आटोपतं घ्या, हा नको.

व्हरांड्यात खडूनं ० ते १० ची सरळ पट्टी आखा, घरं एकसारख्या मापाची. आधी नुसतं चालणं: ‘चारवर उभा राहा. सात कुठल्या बाजूला?’ दोन मुलं दोन अंकांवर उभी करा आणि वर्गाला विचारा, ‘शून्यापासून जास्त उड्या कोणी मारल्या?’ पर्वतीच्या पायऱ्या चढलेली मुलं लगेच म्हणतात, ‘जो वर तो मोठा.’ त्यांना तसंच म्हणू द्या.

मग फाशाचा खेळ. गीता रमाणी आणि रॉबर्ट सिग्लर यांनी अमेरिकेत कमी उत्पन्नाच्या घरांतल्या बालवाडीच्या मुलांना १ ते १० अशा सरळ पट्टीवरचा साधा खेळ दिला. २००८ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन आठवड्यांत चार छोट्या बैठका, एवढंच. अंकांची पट्टी मिळालेली मुलं संख्यांची तुलना करण्यात सुधारली. तसाच खेळ, पण अंकांऐवजी रंगांच्या घरांवर खेळलेली मुलं सुधारली नाहीत. म्हणजे जादू नुसत्या खेळण्यात नव्हती, ओळीनं मांडलेल्या अंकांत होती.

वर्गात हा खेळ घेताना एका बारकाव्यावर सगळं अवलंबून आहे. मूल ५ वर आहे आणि दान २ पडलं, तर त्यानं ‘एक, दोन’ म्हणत पुढे जायचं नाही. ज्या घरात पाय ठेवला त्याचं नाव घ्यायचं: ‘सहा, सात.’ ‘एक, दोन’ म्हणणारं मूल पट्टी बघतच नाही. पहिल्या दोन-तीन डावांना जवळ उभं राहून ही सवय लावा.

सापशिडी नंतर. तिचा पट नागमोडी असतो, एक ओळ डावीकडून उजवीकडे तर पुढची उलट. पुढे म्हणजे मोठं, ही गोष्ट मनात पक्की व्हायच्या आधीच दिशा फिरते. वर साप गिळतो तो वेगळाच.

आता ‘मनातली संख्या’. एकही वस्तू लागत नाही, पण सुतळी आणि चिमटे असतील तर रंगत वाढते. भिंतीला सुतळी बांधून १ ते २० कार्डं चिमट्यांनी अडकवा. ज्याच्यावर राज्य असेल त्यानं मनात एक संख्या धरायची आणि ती कागदावर लिहून बाईंकडे द्यायची (हे विसरू नका, मुलं मनातली संख्या मध्येच बदलतात). बाकीच्यांनी विचारायचं. ‘अकरा?’ त्यानं उत्तर पूर्ण वाक्यात द्यायचं: ‘माझी संख्या अकरापेक्षा मोठी आहे.’ नुसतं ‘मोठी’ म्हटलं तर कोण कोणापेक्षा मोठं यावरून निम्मा वर्ग उलट्या दिशेला जातो.

प्रत्येक उत्तरानंतर एका मुलानं सुतळीवरची बाद झालेली कार्डं काढायची. हे कार्ड काढणं महत्त्वाचं आहे. अकरापेक्षा मोठी आहे हे ऐकूनही कोणीतरी ‘चार?’ विचारतंच. तेव्हा सुतळीवर चार नसतं आणि ते मूल स्वतःच तोंडावर हात ठेवतं. काही दिवसांनी वर्गातलं एखादं मूल दरवेळी उरलेल्या कार्डांच्या मधोमधची संख्या विचारायला लागतं आणि तीन-चार प्रश्नांत उत्तर काढतं. त्याला विचारा, ‘तू मधलीच का विचारतोस?’ आणि बाकीच्यांना ऐकू द्या. तुम्ही ही युक्ती आधी सांगू नका.

परिपाठाच्या वेळेला ‘रांग लावा’ खेळता येतो. दहा मुलांना एकेक कार्ड देऊन न बोलता चढत्या क्रमानं उभं राहायला सांगा. मग टाळी वाजली की उतरता क्रम. फक्त एकेका अंकानं वाढणारी कार्डं देऊ नका. ३, ७, ८, १२, १९ अशी विस्कळीत द्या, नाहीतर मुलं तुलना न करता एक ते दहा म्हणून रांगेत घुसतात.

५. दोन अंकी संख्या आणि आपली मराठी नावं

लहान मुलांना वाचन आणि गणिताचा पाया पक्का करून देण्यासाठी केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालं. त्यात पहिलीच्या अखेरीस ९९ पर्यंत आणि दुसरीच्या अखेरीस ९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता येणं अपेक्षित आहे. म्हणजे पहिलीतच दोन अंकी तुलना येते, आणि तिथे नवी अडचण उभी राहते.

‘त्रेचाळीस’ म्हणताना आपण तीन आधी उच्चारतो आणि चाळीस नंतर, लिहिताना मात्र ४ आधी. म्हणून मुलं ऐकून ३४ लिहितात, आणि मग ४३ आणि ३४ यांत मोठी कोणती हे विचारण्यात अर्थच उरत नाही. त्याहून अवघड ‘एकोण’ची घराणी. ‘एकोणपन्नास’ मध्ये पन्नास ऐकू येतं, म्हणून मूल ५९ लिहितं आणि एकोणपन्नास एक्कावन्नपेक्षा मोठे म्हणतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची रीत आली तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. त्या वादात कोणीही कुठल्याही बाजूला असो, वर्गात ती रीत पायरी म्हणून उपयोगी पडते हे माझं मत आहे. मूल ‘चाळीस तीन, म्हणजे त्रेचाळीस’ असं दोन्ही म्हणतं, चाळीसाचे चार गठ्ठे डोळ्यांसमोर येतात आणि जुनं नावही हरवत नाही.

त्यामुळे या टप्प्यावर काड्यांशिवाय एकही तुलना नको. दहा काड्यांचा गठ्ठा रबरबँडनं मुलांनीच बांधायचा. तयार गठ्ठे दिलेत तर आत दहा आहेत यावर त्यांचा विश्वास बसत नाही, आणि ती सोडून मोजत बसतात.

खेळ: ‘घर कोणाचं’. प्रत्येकाच्या पाटीवर दोन चौकोन, डावा दशकाचा, उजवा एककाचा. ० ते ९ कार्डं पालथी. एक कार्ड उचलायचं आणि दुसरं बघायच्या आधी ते कुठल्या घरात ठेवायचं हे ठरवायचं. एकदा ठेवलं की हलवायचं नाही. मग दुसरं कार्ड उरलेल्या घरात. दोघांच्या संख्या झाल्या की तेवढ्या काड्या मांडायच्या आणि मोठी संख्या कोणाची ते सांगायचं.

९ आला की सगळे दशकात टाकतात. मजा ५ आला की येते. ‘दशकात टाकू का? पुढे नऊ आला तर?’ असा विचार सहा-सात वर्षांचं मूल मोठ्यानं करायला लागलं की स्थानिक किंमत वेगळी शिकवावी लागत नाही.

सापळा नक्की इथे आहे: ३९ आणि ४१. मूल ९ बघतं आणि ३९ मोठे म्हणतं. ९ आणि १२ मध्येही तेच. ही जोडी आली की फळ्याकडे वळू नका. ‘काड्या मांडून दाखव’ एवढंच म्हणा. तीन गठ्ठे आणि नऊ सुट्या, शेजारी चार गठ्ठे आणि एक. बहुतेक मुलं स्वतःच सांगतात की आधी गठ्ठे बघायचे. गठ्ठे सारखे असतील तरच सुट्यांकडे जायचं, हा नियम त्यांच्या तोंडून आला की तो त्यांच्याच शब्दांत फळ्यावर लिहून ठेवा.

६. चिन्हं सर्वात शेवटी

बरेच जण तुलना म्हणजे < आणि > असं समजून पहिल्याच दिवशी मगरीचं तोंड काढतात. मगर मोठा घास खाते ही गोष्ट मुलांना आवडते, पण मूल मग मगर चितारतं, दात काढतं, आणि ‘सात हे पाचापेक्षा मोठे’ असं चिन्ह वाचत नाही. ‘मगर सातला खाते’ असं वाचतं. मगर पूर्ण सोडा असं मी म्हणणार नाही, पण तिच्या आधी हे करून बघा.

झाकणांचे दोन मनोरे शेजारी रचा, एक सातचा, एक तीनचा. लांब काडी घेऊन ती दोन्ही मनोऱ्यांच्या माथ्यांना टेकवा, ती तिरकी राहील. दुसरी काडी दोन्हींच्या पायाशी जमिनीवर ठेवा. आता बाजूनं बघा: काड्या उंच मनोऱ्याकडे फाकलेल्या आणि बुटक्याकडे जवळ आलेल्या दिसतात. दोन्ही काड्या तशाच उचलून, टोकं जुळवून फळ्याला टेकवा, चिन्ह तयार. मग सातचा मनोरा डावीकडून उजवीकडे न्या आणि पुन्हा काड्या टेकवायला सांगा. चिन्ह का फिरलं हे मुलं बघतात, पाठ करत नाहीत. शेवटी दोन्ही मनोरे सारखे करा: काड्या समांतर. बरोबरचं चिन्ह १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्डनं वापरलं तेही अशाच विचारातून, दोन समांतर रेषांइतकं सारखं दुसरं काय असणार म्हणून.

चिन्ह लिहिलं की प्रत्येक वेळी डावीकडून उजवीकडे मोठ्यानं वाचून घ्या. वहीतले दहा मुकाट सोडवलेले प्रश्न अशा मोठ्यानं वाचलेल्या तीन वाक्यांची जागा घेत नाहीत.

७. चाळीस मुलं आणि एक तुम्ही

सगळ्या वर्गाला एकाच वेळी एकच खेळ देऊ नका. तीन गट करा: एक तुमच्यासोबत नवीन खेळ शिकतोय, दुसरा आधी येत असलेला खेळ जोडीनं खेळतोय, तिसरा वहीत काहीतरी करतोय. दर दिवशी गट फिरवा.

फासे फरशीवर आपटतात आणि शेजारच्या वर्गातून निरोप येतो. खाली जुनं वर्तमानपत्र किंवा सतरंजी घाला. तास संपायच्या बऱ्यापैकी आधी ‘आवरा’ म्हणा. साहित्य मोजून परत ठेवणं हाही तुलनेचाच खेळ आहे: ‘घेताना वीस होते, आता अठरा. कमी की जास्त? कुठे गेले?’

सतत हरणाऱ्या मुलावर नजर ठेवा. कार्डांची लढाई नशिबावर चालते म्हणून ती कच्च्या मुलालाही जिंकू देते. म्हणूनच ती आठवड्यातून एकदा तरी ठेवा. आणि तल्लख मुलाला नुसतं जिंकत ठेवू नका. त्याला पुढचा प्रश्न द्या: ‘कितीनं मोठे?’ वजाबाकीचं दार तिथूनच उघडतं.

८. घरी काय सांगाल

पालकसभेत खेळ करून दाखवा, कागद वाटून फार उपयोग होत नाही. आईवडिलांना वेळ नसतो, म्हणून त्यांच्या नेहमीच्या कामात बसेल असंच सांगा. मंडईत किंवा कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे पाट्यांवरचे भाव वाचायला लावणं हा सर्वांत सोपा मार्ग: ‘टोमॅटो चाळीस, वांगी साठ, महाग काय? कशावरून?’ जेवायला बसताना ताटं आणि माणसं यांची जोडी लावणं, दोन भावंडांना शेंगदाणे सारखे वाटून देणं, एवढं पुरतं.

एक गोष्ट त्यांना आवर्जून सांगा. पीएमपीच्या बसवरचा क्रमांक, क्रिकेटच्या जर्सीवरचा आकडा, घराचा नंबर यांची तुलना करायला लावू नका. मोठ्या क्रमांकाची बस मोठी नसते आणि लांबही जात नाही. तिथे आकडा फक्त नाव आहे. मुलानं स्वतःहून विचारलं तर ‘हा आकडा किती हे सांगत नाही, कोणती हे सांगतो’ एवढं उत्तर द्या आणि पुढे भाव, वजन, उंची, पैसे यांच्याकडे वळवा.

दर पंधरा दिवसांनी वहीतल्या तीन खुणांच्या पुढे आणखी तीन रकाने भरत जा: वीसपर्यंतची तुलना कारणासह, दोन अंकी काड्यांसह, दोन अंकी काड्यांशिवाय. जे मूल महिनाभर एकाच रकान्यात अडलंय त्याला पुढचा खेळ देऊ नका. एक पायरी मागे जाऊन त्याच्यासोबत तुम्ही स्वतः ‘मूठ उघड’ खेळा, आणि डाव त्याला मांडू द्या.